कोरलवरचे किडे, चपटे, काटेरी, नळीवाले: सारखे सारखे येणारे प्रश्न

घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांकडून व्हॉट्सॲपवर रोज रात्री अकरानंतर किड्याचा एक तरी ब्लर फोटो येतोच, खाली "दादा हे काय आहे, मारू का?" आणि मग तेच सगळं परत टाईप करा. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. आधी सोप्पे प्रश्न, मग डोकं खाणारे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून मधेमधे "अमुक नंबर बघा" असं लिहिलंय, तर खरंच तो नंबर बघा, मग मेसेज करा.

१. टाकीत किडे दिसले. सगळेच वाईट असतात का? सगळ्यांना मारायचं एकच औषध सांगा ना.

असं औषध नाहीये, आणि असतं तरी तुम्ही ते वापरू नये असंच मी म्हटलं असतं. रीफ टाकीच्या (म्हणजे कोरलवाल्या टाकीच्या) दगडात आणि वाळूत राहणाऱ्या किड्यांपैकी बहुतेक सगळे आपलं झाडूकामच करत असतात, उरलेलं खाणं, मेलेला गोगलगाय, सडलेला शेवाळाचा तुकडा, सगळं तेच संपवतात. कोरलला खरा त्रास देणारे मोजकेच: ॲक्रोपोरा (फांद्यांचं दगडी कोरल, पुढे नुसतं ॲक्रो) खाणारा चपटा किडा (७), युफिलियावरचा (टॉर्च-हॅमर जातीच्या कोरलवरचा) चपटा किडा (१२), कोरल झाकून टाकणारा लाल प्लॅनेरिया (४) आणि युनिसिड नावाची मोठी जबडेवाली जात (१३). बाकीच्यांना बघून घाबरायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचं.

आधी ओळख, मग औषध. उलटं केलंत तर काय होतं ते ५ मधे माझ्याच टाकीचं सांगितलंय.

२. रात्री लाईट बंद झाल्यावर दगडातून गोम बाहेर येते, गुलाबी-तपकिरी, दोन्ही बाजूला केस. ही कोरल खाते का?

ही ब्रिसल वर्म. गोमेसारखीच दिसते म्हणून घरातले सगळे किंचाळतात, आमच्याकडे तर आईने दोन दिवस हॉलमधे पाय ठेवला नव्हता. पण साधी ब्रिसल वर्म जिवंत, तब्येतीने चांगलं कोरल खात नाही. ती मरत असलेल्या कोरलवर सापडते आणि मग आळ तिच्यावर येतो. स्मशानात कावळा दिसला म्हणून त्याने माणूस मारला असं होत नाही ना, तसंच.

खऱ्या अर्थाने कोरल खाणारी फायर वर्म म्हणजे हर्मोडिस, तिच्या अंगावर पांढऱ्या काट्यांचे भरगच्च झुपके असतात आणि डोक्यावर तुऱ्यासारखा मांसल भाग असतो. ती मुळात अटलांटिक आणि भूमध्य समुद्राकडची. आपल्याकडे येणारा माल बहुतेक इंडोनेशियाकडचा असतो त्यामुळे ती सापडायची शक्यता कमीच.

ब्रिसल वर्म खूप झाल्या म्हणजे तुम्ही खायला जास्त टाकताय, दुसरं काही नाही. खाणं अर्धं करा. तरी नको असतील तर छोट्या प्लास्टिक बाटलीला भोकं पाडा, आत कोळंबीचा तुकडा, रात्री वाळूवर ठेवा, सकाळी उचला. ॲरो क्रॅब त्यांना खातो पण तो नंतर काय काय खाईल याची गॅरंटी मी घेत नाही.

३. दगड हलवताना हातात बारीक कुसळं घुसली, आग आग होतेय.

ब्रिसल वर्मचीच. चोळू नका, चोळलं की ती तुटून आत जातात. सेलोटेप किंवा बँडेजची चिकटपट्टी घट्ट दाबून लावा आणि ओढा, तीन-चार वेळा, मग व्हिनेगर लावा. सूज वाढली, ताप आला किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टर, इथे मेसेज नाही. आणि ग्लोव्ह्ज घाला हो, शंभर रुपयाची गोष्ट आहे.

४. काचेवर, वाळूवर आणि झोआंच्या (बटणासारख्या मऊ कोरलच्या) मधे लालसर-तपकिरी ठिपके, शेपटीला दोन-तीन टोकं. आठवड्यात दुप्पट झाले.

हाच तो लाल प्लॅनेरिया, कॉन्व्होल्युट्रिलोबा. सगळे त्याला फ्लॅटवर्म म्हणतात, शास्त्रीय हिशोबाने तो एसील नावाच्या वेगळ्याच गटातला. त्याच्या अंगात कोरलसारखंच शेवाळ राहतं, म्हणून तो लाईटमधे येऊन पसरतो, ऊन खात बसलेल्या म्हशींसारखा. कोरल चावत नाही, पण इतके जमतात की कोरलवर चटईच होते, खाली उजेड पोचत नाही आणि कोरल बंद पडतं.

वाढतो भयंकर, कारण अंगाचाच तुकडा पाडून नवा तयार होतो, जोडीदाराची गरजच नाही. एक राहिला तरी परत सगळं पहिल्यापासून.

पहिलं काम, रोज सायफन. हवेच्या पंपाची पातळ नळी घ्या, बादलीच्या तोंडाला जुना मोजा किंवा फिल्टर सॉक बांधा, किडे ओढा, गाळलेलं पाणी वाटलं तर परत टाका. दुपारी लाईट पूर्ण चालू असताना करा कारण तेव्हा सगळे वर असतात. पंधरा दिवस इमानदारीत केलं तर ८० टक्के लोकांना औषधाची गरज पडत नाही, हा माझा अंदाज हो, कोणी मोजलेलं नाही. कमी होत नसतील तर ५.

५. फ्लॅटवर्मचं औषध टाकायचं ठरवलं. थेट टाकू का?

थेट टाकू नका. हे मी रडून सांगतोय.

माझी २०० लिटरची टाकी, लाल प्लॅनेरियाने भरलेली, मी ऑफिसमधून साडेनऊला आलो, औषध आलं होतं, म्हटलं आत्ताच टाकतो आणि झोपतो. दुकानदाराने सांगितलं होतं, "एकदम सेफ आहे, काय होत नाय." सायफन केला नाही, पाण्यातलं औषध-विष शोषणारा कार्बन घरात नव्हता, पाणी बदलायला मीठ कालवलेलं नव्हतं. पाऊण तासात किडे पानगळीसारखे खाली पडायला लागले, मी खुश, व्हिडिओ काढतोय. साडेअकराला टँग मासा एका बाजूला कलला. सकाळपर्यंत टँग आणि दोन क्लाऊन मासे गेले. औषधाने नाही मेले, मेलेल्या किड्यांनी मारले. या प्लॅनेरियाच्या अंगात विष असतं आणि हजारो एकदम मेले की ते सगळं पाण्यात सुटतं, वर सडून अमोनिया वाढतो ते वेगळंच.

तर हे असं करा. आठवडाभर आधी सायफन करून जेवढे निघतील तेवढे काढा. कमीत कमी चौथा भाग पाणी बदलता येईल एवढं खारं पाणी तयार, योग्य तापमानाला आणलेलं, बादलीत फिरत ठेवा. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन धुऊन हाताशी. औषध टाकायच्या आधी टाकीतला जुना कार्बन काढा आणि यूव्ही दिवा बंद करा. डोस डबीवर लिहिलाय तेवढाच, आणि पाण्याचा हिशोब दगड-वाळू वजा करून. रविवार सकाळ निवडा, रात्र नाही. किडे पडायला लागले की लगेच सायफनने उचलत रहा, मग नवीन कार्बन, मग पाणी बदल. हवेचा दगड सगळा वेळ चालू. एका वेळेत संपत नाहीत, आठवड्याने परत.

लेव्हामिसोल म्हणून जनावरांचं जंताचं औषध मिळतं, त्याने हे किडे लुळे पडतात हे खरं, पण ते गुरांच्या वजनाच्या हिशोबाचं असतं, टाकीच्या लिटरचं नाही. नीट मोजता येत नसेल तर हात लावू नका.

६. औषधापेक्षा किडे खाणारा मासा सोडला तर?

चालतं, पण मासा म्हणजे वॉचमन, भिंत नाही. सिक्सलाईन रास, मेलान्युरस रास, यलो कोरिस हे दिवसभर दगड टोचत फिरतात आणि चपटे किडे खातात. ॲक्रोवाल्या किड्यासाठी सिक्सलाईनची आणि पेपरमिंट कोळंबीच्या एका जातीची शास्त्रज्ञांनी टेस्ट घेतलीये: सिक्सलाईन किडे खातो पण अंडी सोडतो, कोळंबी अंडीसुद्धा खाते. म्हणजे दोघांच्या भरवशावर टाकी साफ होत नाही, संख्या दबून राहते एवढंच.

सिक्सलाईन मोठा झाला की गुंड होतो, नंतर आलेल्या शांत माशांना झोडतो, म्हणून शेवटी सोडा. कोरिसला झोपायला वाळू लागते आणि टाकीला झाकण लागतं, नाहीतर सकाळी फरशीवर सुकट मिळेल.

निळी मखमली गोगलगाय, चेलिडोनुरा, फक्त प्लॅनेरियाच खाते आणि बघायला काय सुंदर. पण किडे संपले की ती उपाशी मरते, किंवा त्याआधीच पंपात जाते. मिळाली तर चार जणांत फिरवा, एकाकडून दुसऱ्याकडे.

७. ॲक्रोचा रंग उतरतोय, पॉलिप (कोरलची बारीक तोंडं) बाहेर येत नाहीत, खोडावर गोल गोल फिके डाग. पाण्याचे पॅरामीटर सगळे ओके आहेत.

गोल डाग म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. हा ॲक्रोपोरा खाणारा चपटा किडा असू शकतो. याला शास्त्रीय नाव २०११ साली मिळालं, अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरे, नंतर तो प्रोस्थिओस्टोमम या गटात गेला. नाव मिळायच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या टाक्या खातोय तो. नंतर ग्रेट बॅरियर रीफवर लिझर्ड आयलंडजवळ समुद्रातही सापडला.

हा किडा म्हणजे पक्का बहुरूपी. कोरलचं मांस खातो आणि कोरलचं शेवाळ, एवढंच काय कोरलचा चमकणारा रंगसुद्धा स्वतःच्या पोटात साठवतो, त्यामुळे कोरलवर बसला की तुम्ही नाक लावून बघितलं तरी दिसत नाही. दिसतात त्या खुणा: एकाच मापाचे गोल फिके चावे, बहुतेक फांदीच्या खालच्या, सावलीतल्या बाजूला, आणि बुडाशी जिथे मांस मेलंय तिथे सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके, तिळासारखे चिकटलेले.

टोकापासून पांढरं होतंय तर आधी पाण्याची अल्कलिनिटी बघा. बुडापासून पटापट सालं निघतायत तर ते टिश्यू नेक्रोसिस, म्हणजे मांस मरण्याचा आजार, किडा नाही. सगळीकडे सारखंच फिकं झालंय तर लाईट किंवा उपासमार. आणि बारीक पिवळे-लाल ठिपके फांदीवर चालताना दिसले तर ते रेड बग, कोळंबीच्या जातभाईंपैकी, त्यांचं औषध वेगळं आणि ते चपट्या किड्यांना लागू पडत नाही.

८. मी रोज बघतो, किडा दिसतच नाही. मग आहे की नाही कसं कळणार?

मोठी सिरिंज घ्या, मेडिकलमधे ५०-६० मिलिची मिळते, सुई नको. टाकीचंच पाणी भरून फांदीच्या खालच्या बाजूला जोरात मारा. किडा असेल तर पारदर्शक पापुद्रा सुटून गटांगळ्या खात जातो, पापड मोडल्यावर उडतो तसा. पंप बंद ठेवा म्हणजे कुठे गेला दिसेल, नाहीतर शेजारच्या ॲक्रोवर जाऊन बसला.

त्याहून पक्कं म्हणजे एक कॉलनी (अख्खं झुडूप) काढून डिप करणं, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवणं (९), आणि खाली काय पडतं ते मोजणं. श्रीखंडाचा पांढरा डबा यासाठी एक नंबर, पांढऱ्यावर सगळं दिसतं. शून्य पडले तरी बुडाशी अंडी बघा, भिंगाने बघा, मोबाईलच्या कॅमेऱ्याला झूम करून बघा.

९. डिप नक्की कसं करायचं? स्टेप बाय स्टेप सांगा.

तीन भांडी. पहिल्यात टाकीचं पाणी आणि डिप, म्हणजे कोरल आरएक्स, रिव्हाईव्ह, ल्युगॉल आयोडीन, जे मिळेल ते, मात्रा लेबलची. दुसऱ्या-तिसऱ्यात नुसतं टाकीचं पाणी, धुवायला. पहिल्यात छोटा पंप सोडा किंवा सिरिंजने सतत पाणी मारत रहा, कारण नुसतं बुडवून ठेवलं तर किडा फांदीला चिकटून मजेत बसतो, लाटेनेच सुटतो. १० ते १५ मिनिटं, लेबलवर कमी लिहिलं असेल तर कमी. मग दोन्ही पाण्यात खळबळून टाकीत. डिपचं पाणी टाकीत एक थेंबही नको.

मुंबईचा मुद्दा असा की मे महिन्यात किचनच्या ओट्यावर दीड लिटर पाणी पंधरा मिनिटांत ३० डिग्रीच्या वर जातं, आणि ॲक्रो आधीच आजारी आहे. एसीच्या खोलीत करा, डबा मोठ्या थंड पाण्याच्या बादलीत ठेवा. टाकी २६ ला असेल तर डिपही २६ ला.

जुना प्लग (कोरल चिकटवलेली छोटी खुंटी), जुना दगड फेकून द्या. डिपच्या आधीच कोरल प्लगवरून सोडवा, मेलेला बुडाचा भाग बोन कटरने उडवा, अंडी तिथेच असतात. नवीन प्लगवर फेविक्विकच्या जेलने चिकटवा. जी अंडी कापता येत नाहीत ती जुन्या टूथब्रशने खरवडा, किंवा त्यांच्यावरच जेलचा थर द्या, आतच गुदमरतील.

१०. एकदा डिप केलं, ढीगभर किडे पडले, संपलं ना आता?

नाही, ही तर सुरुवात. कुठलंही डिप अंड्यांना मारत नाही. पिल्लं फुटायला साधारण दीड ते तीन आठवडे लागतात, पाणी गरम असेल तर लवकर, आणि आपल्याकडे चिलर (पाणी गार ठेवणारं मशीन) नसलेल्या टाक्या २८-२९ ला सुद्धा असतात म्हणजे आपली अंडी घाईत असतात. म्हणून दर ५-७ दिवसांनी डिप, कमीत कमी सहा आठवडे, आणि सलग तीन डिपमधे एकही किडा पडला नाही की मगच थांबायचं. दोन डिपच्या मधे पिल्लू मोठं होऊन अंडी घालायला नको, एवढाच सगळा खेळ.

लोक कंटाळतात ते तिसऱ्या आठवड्याला. किडा दिसत नाही, कोरल डिपने थकलेलं, घरी लग्न, ऑफिसची ऑडिट. दोन डिप चुकले की परत पहिला दिवस. कॅलेंडरवर लिहा, दूधवाल्याचा हिशोब लिहितो तसा.

सगळे ॲक्रो काढता येत असतील तर उत्तम: वेगळ्या टाकीत ठेवून डिप करत रहा आणि मोठ्या टाकीत दोन महिने एकही ॲक्रो नको. हा किडा ॲक्रोशिवाय जगत नाही, उपाशी जातो. एक विसरलेला, दगडाला चिकटून वाढलेला अंगठ्याएवढा तुकडा राहिला तरी मेहनत पाण्यात.

११. अमेरिकन व्हिडिओत बायरचं बागेतलं कीटकनाशक वापरतात. इकडे शेतीच्या दुकानात इमिडाक्लोप्रिड मिळतं, तेच ना?

तेच नाही. तिकडच्या बाटलीत इमिडाक्लोप्रिडच्या जोडीला सायफ्लुथ्रिन असतं आणि प्रमाण वेगळं, इकडे सहसा मिळतं ते १७.८ टक्के एसएल, नुसतं इमिडाक्लोप्रिड, आणि त्यात विरघळवायला काय काय घातलंय ते लेबलवर पूर्ण नसतं. व्हिडिओतले मिलिलिटर इकडच्या बाटलीला लावले तर काय होईल हे मला माहिती करून घ्यायचं नाहीये. सायफ्लुथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड माशांना जहर, आणि दोन्ही औषधं कोळंबी-खेकड्यांना अगदी थोडी सुद्धा चालत नाहीत, धुताना राहिलेले चार थेंबही पुरतात. त्यात तुमच्या घरात मुलं, त्याच ओट्यावर पोळ्या. मी वापरत नाही. ९ मधलं डिप महाग आहे पण सहा आठवड्याला एक बाटली पुरते.

१२. माझ्याकडे एसपीएस (ॲक्रोसारखी बारीक पॉलिपची दगडी कोरल) नाहीच. टॉर्च, हॅमर, झोआ, मशरूम ही कोरल आहेत. मी सेफ ना?

अर्धे सेफ. ७ चा किडा ॲक्रोवरच जगतो, तो तुमच्याकडे उपाशी मरेल. पण युफिलियाचा, म्हणजे टॉर्च-हॅमर-फ्रॉगस्पॉनचा, वेगळा चपटा किडा असतो, तो सांगाड्यावर खाली अंडी घालतो. डोकं कारण नसताना आकसलेलं राहतं, एकामागून एक डोकं जातं. डिपची पद्धत ९ चीच पण हात हलका ठेवा, युफिलियाचं मांस सांगाड्याच्या धारेवर फाटतं आणि फाटलं की ब्राऊन जेली, म्हणजे मांस सडून तपकिरी चिकट होण्याचा रोग.

मशरूमवर आणि बबल कोरलवर तपकिरी गोल टिकल्या चिकटलेल्या दिसल्या तर तो वामिनोआ, प्लॅनेरियाचा भाऊ. उपाय ४ आणि ५ चाच, जरा चिवट आहे एवढंच.

झोआ बंद राहतायत? तिथे किड्यापेक्षा झोआ खाणारी बारीक न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय), सनडायल गोगलगाय किंवा समुद्री कोळी जास्त सापडतो. मॉन्टीपोरा कोरलवर पांढरं पिसासारखं काही दिसलं तर ती पण न्यूडिब्रँकच. अंड्यांचं गणित तिथेही १० सारखंच.

१३. दगडाच्या भोकातून रात्री जाड, इंद्रधनुष्यासारखा चमकणारा किडा, पाच शिंगं. झोआ तुकडे होऊन गायब होतायत.

डोक्यावर पाच स्पर्शिका आणि चमक असेल तर युनिसिड. सगळे युनिसिड राक्षस नसतात, छोटे शेवाळ-कचरा खाऊन राहतात. पण मोठा झालेला कोरल आणि मासे दोन्ही कातरतो. बॉबिट वर्म याच कुळातली. २००९ साली इंग्लंडमधल्या न्यूकीच्या मत्स्यालयात मासे जखमी, कोरल तुटलेली, कारण सापडेना, शेवटी अख्खी टाकी मोकळी केली तेव्हा चार फुटी बॉबिट निघाली, बहुतेक लहान असताना दगडातून आलेली. जपानमधे जवळजवळ ३ मीटर लांब मिळालीये.

काढायचा उपाय: कुठल्या भोकात राहते ते लाल उजेडात तीन-चार रात्री बघा, तोच दगड उचला, बादलीत ठेवा. भोकात थोडं जास्त खारट पाणी सिरिंजने मारा, बाहेर येते. चिमट्याने अर्धी ओढून तोडू नका, उरलेला भाग परत वाढू शकतो. आणि बोटाने तर अजिबात नाही.

१४. दगडावर नळ्या, नळ्या, नळ्या.

पांढऱ्या गोल जिलेबीसारख्या, दोन-तीन मिमी: स्पायरॉर्बिस, निरुपद्रवी, स्वच्छ टाकीचं सर्टिफिकेट समजा. मऊ नळी आणि वर पिसांचा पंखा: फेदर डस्टर, सुंदर, राहू द्या. नळीतून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे निघून कोरलवर पडतात: वर्मेटिड, हा किडाच नाही, नळीत राहणारी गोगलगाय आहे, पण कोरलला खरंच त्रास देते. नळी पक्कडने मोडा आणि भोक जेलने बंद करा.

१५. वन बीएचके आहे, क्वारंटाईनची दुसरी टाकी कुठे ठेवू?

मीही ४५० स्क्वेअर फुटातच राहतो. २०-२५ लिटरचा प्लास्टिकचा क्रेट, छोटा पंप, क्लिपवाला लाईट, वॉशिंग मशीनच्या वर. दगड नको, वाळू नको, नुसता फ्रॅग (कोरलचे कापलेले छोटे तुकडे) ठेवायचा रॅक. आठवड्याला अर्धं पाणी मोठ्या टाकीतूनच बदला. नवीन कोरल डिप करून चार ते सहा आठवडे तिथे, दर आठवड्याला परत डिप. बायको म्हणेल अजून एक टाकी? तिला सांगा ही टाकी नाही, बादली आहे. टेक्निकली खरं आहे.

आणि दोन्ही टाक्यांत एकच चिमटा, एकच जाळं वापरलंत तर क्वारंटाईनचा उपयोग शून्य.

१६. मित्राच्या टाकीतून फ्रॅग घेतला तर डिप लागतं का? आणि कागदपत्रं? समुद्रातून दगड आणला तर?

मित्राचा फ्रॅग तर आधी डिप करा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट ॲक्रोकिडा ठाण्याच्या जिवलग दोस्ताकडून आला, फुकट, चहासोबत. त्यालाही माहिती नव्हतं, त्याच्याकडे सिक्सलाईन होता म्हणून संख्या दबलेली (६).

आता कायदा. भारतात दगडी म्हणजे सांगाडा बांधणारी सगळी कोरल, शिवाय ब्लॅक कोरल, ऑर्गन पाईप, फायर कोरल आणि सी फॅन, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मधे आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या किनाऱ्यावरून तोडणं, विकणं, वाळलेला तुकडा शोकेसमधे ठेवायला उचलणं, सगळं गुन्हा. बाहेरून येणाऱ्या दगडी कोरलला साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ खाली परमिट लागतं. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला कोणी "कागद नंतर देतो" म्हणाला तर हसून पुढे चला. डिपचा प्रश्नच येणार नाही.

समुद्रातल्या दगडाचं तर नावच काढू नका. मुंबईत कोरल आहे का असं विचारणाऱ्यांना सांगतो, कोस्टल रोडच्या वेळी २०२० मधे वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ कोरल वसाहती परवानगी घेऊन दुसरीकडे हलवल्या होत्या. महापालिकेला परवानगी लागली, तर तुम्हाला-मला काय.

१७. औषधानंतर प्लॅनेरिया गेले पण दोन दिवसांनी पाण्याला वास, पाणी पांढुरकं.

दगडाच्या आत मेलेले ब्रिसल वर्म. काही जंताची औषधं, खास करून फेनबेंडाझोल, दगडात मुरतात आणि आतले सगळे किडे मारतात, मग आतून सडतं आणि वर्षभर त्या दगडावर गोगलगायी टिकत नाहीत. म्हणून ते मी रीफमधे सांगतच नाही. आत्ता काय: अमोनिया टेस्ट, रोज २० टक्के पाणी बदल, स्किमर (फेसातून घाण काढणारं मशीन) जोरात, कार्बन, खाणं बंद. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा हे झालं तर बॅटरीवाला हवापंप आधी शोधा, ऑक्सिजन पहिला संपतो.

१८. वैताग आला, सगळं ब्लीच करून टाकी परत लावू का?

प्लॅनेरियासाठी नको. ॲक्रोकिड्यासाठीही नको, दोन महिने ॲक्रो काढून ठेवणं (१०) त्यापेक्षा स्वस्त आहे. बॉबिटचा एखादा दगड तेवढा ब्लीच केलात तर समजू शकतो. लोक टाकी तोडतात ते किड्यामुळे कमी आणि रात्री दीड वाजता निर्णय घेतल्यामुळे जास्त.

१९. डिपचं पाणी, मेलेले किडे, कापलेले बुडखे कुठे टाकायचे? वर्सोव्याला खाडीत सोडू का, समुद्राचंच आहे ना?

नाही, ते जावा समुद्राचं आहे. परदेशी किडा, अंडी, शेवाळ आपल्या खाडीत सोडायचं नाही. किडे गाळून घ्या, साध्या पाण्यात ब्लीच घालून त्यात तासभर ठेवा, मग संडासात फ्लश. बुडखे आणि प्लग पण ब्लीचमधे, मग सुक्या कचऱ्यात. आयोडीन किंवा दुसऱ्या डिपमधे थेट ब्लीच ओतू नका, धूर-वास निघू शकतो, आधी गाळून पाणी फ्लश करा आणि गाळण्यात उरलेलं वेगळ्या ब्लीचच्या पाण्यात टाका. खिडकी उघडी ठेवा. आणि तो श्रीखंडाचा डबा परत किचनमधे जाता कामा नये, वर मार्करने मोठ्या अक्षरात "किडे" लिहा. आमच्याकडे एकदा त्यात कोथिंबीर निवडून ठेवली होती.